गट्टी वस्तू

चूक सुमंगला अक्कोरूंचीच होती, आणि ती त्यांनी कधी नाकारली नाही. चौथीच्या पुस्तकात ‘घन पदार्थ’ असं छान छापलेलं असताना त्यांनी पोरांना सोपं करून सांगितलं, “उद्या घरून एकेक गट्टी वस्तू आणा.” कानडीत गट्टी म्हणजे टणक. पण सिद्धापूरच्या त्या डोंगराळ मुलखात दाट दहीही गट्टी, मोठा आवाजही गट्टी आणि ऐंशीव्या वर्षी पोफळीवर चढणारा म्हाताराही गट्टीच. एका शब्दाला कामाला जुंपायचं म्हणजे तरी किती!

आणि नेमकी दुसऱ्याच दिवशी तपासणी आली. अक्कोरू, म्हणजे या शाळेच्या बाई, कायम नोकरीतल्या नव्हत्या. दर जूनमध्ये नेमायचं आणि एप्रिलात नारळ द्यायचा, असा त्यांचा हिशेब. यंदा साहेबांच्या शेऱ्यावर पुढचं वर्ष ठरणार होतं. चार वर्षांत या पोरांचा असा लळा लागला होता, की शाळा सोडायचा नुसता विचारही त्यांना सोसत नसे.

“दगड, पाणी, हवा. एवढंच विचारा,” हेडमास्तर शंभू गौडांनी सकाळीच बजावलं. “आणि पोरांना फार बोलू देऊ नका. ती बोलली की आपण मेलो.”

तपासणीला आलेले चंद्रय्या साहेब मागच्या बाकावर गुडघे दुमडून कसेबसे बसले आणि त्यांनी शेरेबुक मांडीवर घेतलं. सुरुवात झकास झाली. एकाने वरवंटा दाखवला, एकीने वाळकी सुपारी. साहेबांनी मान डोलावली. मग तेजस उठला, व्हरांड्यात गेला आणि आपल्या आजोबांना हाताला धरून आत घेऊन आला.

“अक्कोरू, हा आमचा अज्जा. सगळा गाव म्हणतो, तिम्मप्पा गट्टी माणूस!”

अज्जांनी बाही वर सारून दंड साहेबांपुढे धरला. “दाबून बघा की, साहेब. लाजता काय?”

साहेबांनी एका बोटाने दाबून बघितला. वर्ग खो खो हसला. हेडमास्तर दाराशी उभे होते, त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची चैत्रा स्टीलचा डबा घेऊन थेट साहेबांपुढे उभी राहिली. डब्यात दही.

“दही? ते कुठे घन असतं?” साहेब म्हणाले.

“गट्टी आहे की! काल म्हशीच्या दुधाचं लावलंय,” असं म्हणून चैत्राने डबा शेरेबुकावरच उपडा धरला. हेडमास्तरांनी डोळे मिटले. दही जागचं हललं नाही.

साहेब आता सरसावून बसले. “अक्कोरू, तुम्हीच सांगा. घन की द्रव?”

दही पुस्तकात नव्हतं. काहीतरी एक ठोकून द्यावं आणि सुटावं, असं सुमंगलांना फार वाटलं. पण चैत्रा डोळे मोठे करून त्यांच्याकडेच बघत होती. त्या पोरीपुढे थाप मारायला त्यांची जीभ रेटेना.

“साहेब, पुस्तकात नाही हे. करूनच बघू या,” त्या म्हणाल्या. “चैत्रा, चमच्याने चांगलं ढवळ. हं. आता कर उपडं.”

दही ओतायला बादली बाजूलाच होती. पण अक्कोरूंनी सांगितलं की चैत्रा थांबते कसली! सगळं दही भळकन साहेबांच्या चपलांवर आलं.

मग चैत्राच पुटपुटली, “म्हणजे ढवळेपर्यंतच गट्टी.”

“हो,” सुमंगला म्हणाल्या. “आपला आकार धरून ठेवतो तो घन. भांड्याचा आकार घेतो तो द्रव. दही या दोघांच्या मधलं. वरवंटा कितीही ढवळा, वरवंटाच राहील.”

साहेबांनी नळावर पाय धुतले, शेरा लिहिला आणि जीपमध्ये बसले. हेडमास्तरांनी शेरेबुक उघडून मोठ्याने वाचलं, “धडा पाहिला. दही पाहिले. शिक्षिका पुढच्या वर्षी गट्टी.”

“म्हणजे काय हो?” सुमंगला रडवेल्या झाल्या. “आवाज मोठा म्हणतात, की डोकं टणक?”

“अहो, पाहुणा नक्की येणार असला की आपण काय म्हणतो? येणं गट्टी! पक्कं झालं तुमचं!”

सुमंगला धावतच वर्गात गेल्या. “पोरांनो, जूनमध्ये मी इथेच! साहेबांनी लिहून दिलंय, गट्टी!”

पोरांनी बाकं बडवून छप्पर डोक्यावर घेतलं. चैत्रा तेवढी चमचा हातात धरून उभी होती. आरडाओरडा ओसरल्यावर तिने हळूच विचारलं, “अक्कोरू, पण ढवळेपर्यंतच ना?”

सुमंगलांनी आधी तिच्या हातातला चमचा काढून घेतला.