एकशे बाराव्या पानावरचं पत्र

मुलांनो, जरा डोळे मिटा. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव, खिडकीवर धडका देणारा खारा वारा आणि टेबलाशी समोरासमोर बसलेले बापलेक. दिसले? अकरा वर्षांची जिल वडिलांचं हस्तलिखित मोठ्यानं वाचते आहे आणि कादंबरीकार ॲम्ब्रोज पेलिंग छापखान्यातून तपासायला आलेले छापील कागद, म्हणजे मुद्रितं, त्याच्याशी ताडून बघताहेत. वाचायचं तेही स्वल्पविराम, पूर्णविरामासकट. मम्मी होती तोवर ती वाचायची. दोन वर्षं झाली, आता जिल वाचते.

पेलिंगांच्या कादंबऱ्या मोठ्या खोडकर. त्यांत लेखक स्वतःच गोष्टीत शिरायचा, नायकाशी भांडायचा, झालेला शेवट मोडून दुसरा करायचा.

"डॅड, आलास पुन्हा मध्येच! त्या बिचाऱ्याला सुखानं चहा तरी पिऊ दे."

"माझ्याच पुस्तकात मला बंदी का गं? वाच, वाच. पाचच्या टपालानं जायचंय हे."

जिल हसत पुढं वाचू लागली. एकशे बारावं पान.

"प्रिय मम्मी, स्वल्पविराम, त्या दिवशी माझं पोट दुखत नव्हतं, पूर्णविराम. तुला तसं बघायची भीती वाटली, स्वल्पविराम, म्हणून मी इस्पितळात यायचं टाळलं..."

ती वाचायची थांबली. हे पत्र तिचं होतं. मम्मी गेल्यावर लिहून तिनं ते मम्मीच्या रेनकोटाच्या खिशात ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. खाली तळटीप होती: हे पत्र खरं आहे.

"तू खिशात हात घातलास?"

"कोट कुणाला तरी द्यायचा होता, म्हणून..." ते चष्मा पुसू लागले. "हे बघ, पुस्तकातली मुलगी म्हणजे तू नव्हेस. पुस्तकातला मी तरी कुठं मी असतो?"

"पोट माझंच होतं, डॅड. आजी वाचेल, शाळेतले वाचतील. काढ ते."

"अख्ख्या पुस्तकात तेच पान सगळ्यांत चांगलं आहे, जिल."

"मला विचारायचं तरी होतंस!"

"तू नाही म्हणाली असतीस," असं म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

मग जिलनं मुद्रिताचं ते पान पुढं ओढलं, तळटिपेसकट सगळं पत्र खोडलं, एकेक ओळ करून. कुणी खोडलं ते कळावं म्हणून बाजूच्या कोऱ्या जागेत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. आणि ते पान गठ्ठ्यात न दडवता सगळ्यांत वर, त्यांच्या खुर्चीसमोर ठेवलं.