ओळीतील पहिल्या माणसाचे गुडघे

पेत्रोव्रिसी गावात मनुष्याची पारख त्याच्या चालण्यावरून नव्हे, तर उभे राहण्यावरून होत असे. आणि त्या उभे राहण्याची परीक्षा वर्षातून एकदाच, पंधरा ऑगस्टला, देवमातेच्या जत्रेत होई. चौकातील चिनाराखाली प्रत्येक घराण्याची नाचाची ओळ निघे. ओळीच्या अग्रभागी घराण्यातला जाणता पुरुष, त्याच्या हातात पांढरा रुमाल, आणि क्लॅरिनेटवाला त्याच्याच पावलांवर नजर ठेवून वाजवी.

थ्रासिवुलोस गवंडी हा बत्तीस वर्षे आपल्या घराण्याचा पहिला माणूस होता. परंतु अलीकडे त्याची पाठ कमरेतून अशी काही पुढे झुकली होती की मागील जत्रेत रुमाल हवेत फिरण्याऐवजी फरशी पुसू लागला.

"अहो बार्बा थ्रासो," वडीलधाऱ्यास 'बार्बा' म्हणण्याच्या तिथल्या रीतीने क्लॅरिनेटवाला स्टर्गिओस भर चौकात म्हणाला, "नाचताय, की शर्टाचं बटण शोधताय?"

गाव हसले. थ्रासिवुलोसही हसला, पण त्या हसण्यात त्याचा जीव नव्हता. कारण रुमाल आता चुलतभाऊ लेफ्तेरिसकडे जाणार, अशी कुजबुज त्याच्या कानी आली होती, आणि लेफ्तेरिस नाचू लागला म्हणजे कोणी खुराड्यात कोंबड्या कोंडीत आहे असाच भास होई.

म्हणून ईस्टरचा सण आटोपताच तो पत्नी एव्हांथियाला घेऊन शहरातील इस्पितळात गेला. तेथील शल्यचिकित्सक डॉक्टर मिर्सिनी ह्या वयाने त्याच्या मुलीसारख्या होत्या. त्यांनी आज्ञा केली की प्रथम मानेपासून मांड्यांपर्यंतचा, उभ्याने, लांब एक्स-रे काढावा.

यंत्रावरील मनुष्याने सांगितले, "मुठी खांद्यांशी ठेवा, आणि घरी उभे राहता तसेच उभे राहा."

परंतु थ्रासिवुलोसच्या आयुष्यात ज्याने ज्याने त्याचे चित्र घेतले, त्याने ते लग्नात नाहीतर जत्रेतच घेतले होते. समोर यंत्र येताच त्याची छाती आपोआप फुगली, हनुवटी वर गेली, आणि पाठ जी सरळ होत नव्हती तिची उणीव त्याने गुडघे किंचित वाकवून, देह मागे रेलून भरून काढली. विजारीच्या आत गुडघे लटपटत होते. चेहरा मात्र सेनापतीचा होता.

डॉक्टर मिर्सिनी यांनी ते चित्र पडद्यावर लावले. मानेच्या शेवटच्या मणक्यापासून त्यांनी एक सरळ रेघ खाली सोडली.

"हा तर ओळंबा!" थ्रासिवुलोस उद्गारला.

"ओळंबाच, बार्बा थ्रासो. आणि तो दोनच बोटं पुढे पडतोय. फार नाही. खालचे तीन मणके जोडू, दबलेली नस मोकळी करू. छोटं काम."

छोटे काम हे शब्द ऐकून थ्रासिवुलोसला धन्य धन्य वाटले. तेवढ्यात मागील खुर्चीवरून हसण्याचा आवाज आला. एव्हांथिया ओठांवर हात दाबून हसत होती.

"डॉक्टर, हा कोण माणूस?"

"म्हणजे? तुमचे यजमान."

"छे! माझा नवरा चुलीतली राख न वाकता बघतो. हा तर आमच्या लग्नाच्या फोटोतला आहे. चाळीस वर्षांनी भेटला बाई!"

"एव्हांथिया, गप्प बस."

"का गप्प बसू? चार फेऱ्या मारायला लावा त्याला, डॉक्टर. बाजारातून घरी येतो तेव्हा त्याच्या नाकाच्या आधी त्याची टोपी घरात येते."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पडद्यावरील चित्रात गुडघे शोधले, परंतु चित्र मांड्यांपाशीच संपले होते. मग त्या म्हणाल्या, "चला, बार्बा. वीस मिनिटं अंगणात चालायचं. मी येते बरोबर."

पहिली पाच मिनिटे थ्रासिवुलोस ताठ चालला, वाटेतील परिचारिकांस अभिवादनेही करीत होता. दहाव्या मिनिटास अभिवादने थांबली. पंधराव्या मिनिटास त्याचे दोन्ही तळहात मांड्यांवर टेकले. विसाव्यास त्याला अंगणातील फरशीखेरीज दुसरे काहीही दिसत नव्हते. आणि गवंडी असल्यामुळे ती फरशी वाईट बसवली आहे हेही त्यास दिसले.

"आता काढा," डॉक्टरांनी आज्ञा केली. "आणि गुडघे सरळ ठेवा."

दुसऱ्या चित्रात तीच रेघ वीतभर पुढे पडली. थ्रासिवुलोसने त्या रेघेवरून बोट फिरवले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या भिंतींस ओळंबा लावला होता. ओळंब्याशी हुज्जत घालता येत नाही हे त्यास दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

"ही भिंत," तो म्हणाला, "मी असतो तर पाडायला लावली असती."

"पाडायची नाही, सावरायची," डॉक्टर म्हणाल्या. "पण पहिल्या चित्रावर मी काम केलं असतं तर वर्षभरात तुम्ही पुन्हा इथे आला असता. आता ऐका. छातीच्या मधल्या मणक्यापासून कटीच्या हाडापर्यंत प्रत्येक मणक्यात दोन बाजूंनी स्क्रू. दोन लांब सळया. आणि कमरेच्या एका मणक्यातून पाचरीएवढं हाड काढायचं, म्हणजे वरचा भाग मागे येईल."

"पाचर काढली की कमान बसते."

"बरोबर. पण बसली की बसली. तिथून कंबर पुन्हा वाकायची नाही. कधीच."

नाचताना पहिला माणूस खाली झुकून तळहाताने जमिनीस स्पर्श करतो. ती खूण आता गेली, हे थ्रासिवुलोसला उमगले. क्षणभर त्याने खिडकीबाहेर पाहिले. मग त्याने सौदा आरंभिला.

"निदान पूर्ण सरळ तर करशील ना, पोरी? विशीतल्यासारखा?"

"नाही. सत्तरीतल्या माणसासारखा."

"मी अडुसष्ट वर्षांचा आहे!"

"मग अडुसष्टचा करते. बार्बा, जुन्या भिंतीला नवी भक्कम भिंत घट्ट भिडवली, तर तडा कुठे जातो?"

"जोडाच्या वर," तो पडेल आवाजात म्हणाला.

"तसाच तुमच्या सळयांच्या वरचा मणका मोडतो. म्हणून वरच्या टोकाला नुसता पट्टा बांधीन, थोडा सैल. आणि किंचित बाक ठेवीन."

"किंचित म्हणजे किती?"

"बायकोचं ऐकण्यापुरता," एव्हांथिया मागून म्हणाली.

त्याखेरीज डॉक्टरांनी सिगारेट बंद करविली, कारण धुराने हाड जुळत नाही; आणि हाडे पोसण्यासाठी काही महिन्यांच्या सुया चालू केल्या. त्या ऑगस्टच्या जत्रेत रुमाल लेफ्तेरिसकडे गेला. थ्रासिवुलोस खुर्चीवर बसून तोंडात बडीशेप चघळीत, अदृश्य कोंबड्या खुराड्यात जाताना पाहत राहिला. परंतु सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाताना तो हसतच गेला, असे परिचारिका सांगतात.

शस्त्रक्रियेस आठ तास लागले. त्यानंतरचे महिने मात्र सोसण्याचे होते. मोजे घालणे हे महत्कार्य झाले. पडलेली वस्तू उचलण्यासाठी व्यायाम शिकविणाऱ्या बाईने त्यास एकच रीत सांगितली होती: पाठ खांबासारखी ठेवावी, एक पाय मागे न्यावा, गुडघ्यांत बसावे, वस्तू घ्यावी, उठावे. एव्हांथिया रोज सकाळी मोजा मुद्दाम जमिनीवर टाकी.

"उचल, सेनापती."

"तू स्वर्गात जाणार नाहीस."

"तू उचलायला शिकलास की मग पाहू."

पुढील ऑगस्ट उजाडला. उड्या न मारण्याच्या अटीवर डॉक्टरांनी नाचाची परवानगी दिली होती. लेफ्तेरिसने रुमाल निमूटपणे परत केला. चिनाराखाली ओळ निघाली आणि थ्रासिवुलोस अडुसष्टच्या, नव्हे, आता एकोणसत्तरच्या माणसाला शोभेल इतका सरळ, सावकाश पावले टाकू लागला. हसण्यासाठी तयार बसलेले गाव उगी राहिले.

दुसऱ्या फेरीत घामाने ओल्या झालेल्या बोटांतून रुमाल निसटला आणि फरशीवर पडला.

पहिल्या माणसाचा रुमाल दुसऱ्याने उचलला, तर ओळही त्याचीच होते, ही तेथील रीत. लेफ्तेरिस अर्धा वाकलाही. थ्रासिवुलोसने त्याच्याकडे असे पाहिले की तो तसाच पुन्हा सरळ झाला. मग म्हाताऱ्याने पाठ खांबासारखी ठेवली, एक पाय मागे नेला, आणि हनुवटी न हलवता तो हळूहळू खाली, खाली गेला. क्लॅरिनेटवाल्या स्टर्गिओसने त्याच्या पावलांकडे पाहिले. एकच सूर धरला तो धरलाच. गाल लाल झाले, डोळे बाहेर आले, पण म्हातारा रुमाल घेऊन पूर्ण उभा राहीपर्यंत सूर सोडला नाही.

चौक टाळ्यांनी दणाणला. "असा नाच त्याचा आजा नाचायचा!" एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली. तरुण पोरे आपसांत तसेच खाली जाऊन पाहू लागली आणि एकामागून एक पालथी पडली.

पुढील फेरीत थ्रासिवुलोस एव्हांथियाजवळून गेला. ती ओळीच्या कडेला उभी होती.

"कसं झालं?" त्याने ओठ न हलवता विचारले.

"छान," ती म्हणाली. "मोजा याहून लवकर उचलतोस."

त्याने रुमाल उंच फिरवला. गुडघे विजारीच्या आत लटपटत होते. मात्र या वेळी ते काहीही लपवीत नव्हते.