उद्या जिच्याशी गाठ आहे

माझ्या अंगात एक खोड आहे. कुणाला थोडा वेळ चालताना पाहिलं की मला त्याच्यासारखं चालता येतं. शाळेत असताना मी मुख्याध्यापकांसारखी खोकायचे, आणि शेजारच्या काकूंसारखी कुलूप लावून झाल्यावर ते पुन्हा पुन्हा ओढून बघायचे. आई हसून हसून डोळे पुसायची आणि वर म्हणायची, की पुरे आता, लोकांची सोंगं काढता काढता स्वतःचं तोंड विसरशील. आयांना असं काहीबाही बोलायची सवयच असते, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. ज्या गाडीत एक ब्रेक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो, त्या गाडीत त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. टेनिस त्यांना यथातथाच यायचं, पण शिकवायची हौस दांडगी. ऑफिसच्या मागेच नगरपालिकेचं कोर्ट होतं. सकाळी पहिला शिकाऊ गडी येण्याआधी ते आम्हां दोघी बहिणींना तिथे उभं करायचे. मी मोठी, धाकटी माझ्यामागून चार वर्षांनी आलेली. पुढे धाकटीच्या मॅचला ते प्रेक्षकांत बसले आणि तिचा बॉल रेषेबाहेर जायला निघाला, की त्यांचा उजवा पाय जमिनीवर करकचून दाबला जायचा. बॉल काही थांबायचा नाही.

धाकटी बारा वर्षांची असताना एका स्पर्धेत तिची गाठ एका ताडमाड मुलीशी पडली. ती मुलगी प्रत्येक बॉल आभाळात मारायची. धाकटीनं आदल्या दिवशी जेवण सोडलं. तिला हसवावं म्हणून मी संध्याकाळी कोर्टावर ती मुलगी झाले. मान पुढे काढली, बॉल ढगात पाठवले आणि प्रत्येक पॉइंटनंतर टोपी काढून पुन्हा घातली. धाकटी आधी हसली, मग वैतागली आणि अंधार पडायच्या आत उंच बॉल कसा परतवायचा ते शिकली. दुसऱ्या दिवशी जिंकली. क्लबमधल्या सरांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले की ही पोरगी म्हणजे झेरॉक्स मशीन आहे. तेच नाव मला चिकटलं.

आमच्यापैकी एकीनंच पुढे खेळायचं असं घरात कधी ठरलं नाही. कुणी ठरवलं असतं तर मी भांडले तरी असते. मीही तेव्हा खेळत होते, बरी खेळत होते, पण दोघींच्या स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या की बाबा म्हणायचे, या वेळी हिची महत्त्वाची आहे, तुझं पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ मोठी लाजाळू असते. ती काही समोर येत नाही.

धाकटी मात्र भराभर वर गेली. आधी आपल्याकडच्या ज्युनिअर स्पर्धा, मग परदेशातल्या ज्युनिअर, मग त्या व्यावसायिक स्पर्धा ज्यांना व्यावसायिक म्हणताना जीभ अडखळते. हमरस्त्याच्या कडेला चार कोर्टं, प्रेक्षक म्हणून दोन आया आणि एक कुत्रा, आणि आपले बॉल आपणच उचलायचे. त्यातूनही ती वर आली. अठराव्या वर्षापर्यंत क्रमवारीत तिचं नाव शोधायला बोट खाली खाली न्यावं लागायचं. विसाव्या वर्षी ते पहिल्या शंभरांत होतं, आणि बाबांनी तो कागद ऑफिसात वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याशेजारी लावला होता.

या सगळ्यात मी तिच्याबरोबर होते. काम ठरलेलं. क्लबमधले तेच सर आता धाकटीचे प्रशिक्षक होते; ते सकाळी नाश्त्याच्या टेबलावर उद्याच्या प्रतिस्पर्धी मुलीचा व्हिडिओ लावायचे. मी पाव खाता खाता बघायचे, आणि दुपारपर्यंत ती मुलगी झालेली असायचे. डावखुरी असेल तर डाव्या हातानं खेळायचे. तितका जोर माझ्यात नसे, पण बॉल येतो कुठून आणि वळतो कसा ते धाकटीला कळायचं. सर्व्हिसच्या आधी कुणी केस कानामागे घेत असेल तर मीही घ्यायचे. एका हंगामात मी पंचवीस-तीस मुली झाले असेन. दुसऱ्या खेळाडूंचे प्रशिक्षक माझ्याकडे बघून हसायचे, आणि आपल्या खेळाडूची मी केलेली नक्कल बघून गंभीर व्हायचे.

मला धाकटीचा हेवा वाटायचा का? वाटायचा, खोटं कशाला बोलू? पण टाळ्यांचा किंवा फोटोंचा नाही. मला हवं होतं ते फार छोटं होतं, आणि म्हणूनच कुणाला सांगायची लाज वाटायची. जगात कुणीतरी एका मुलीनं, उद्या आपली गाठ हिच्याशी आहे, हिला हरवायचं कसं, असा माझा विचार करत एकदा तरी जेवण सोडावं. एवढंच. मी इतक्या जणींचा असा विचार केला होता. माझा कुणी केलेला नव्हता.

एकदा हे बोलून दाखवायचा प्रयत्न केला. हॉटेलच्या तळघरात कपडे धुवायच्या मशिनी असतात, तिथे आम्ही बसलो होतो. धाकटी मोज्यांच्या जोड्या लावत होती. मी म्हणाले, "मला एकदा खेळायचंय गं."

"कुणासारखं?" तिनं विचारलं.

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. तिनं अगदी मनापासून विचारलं होतं, हातातला मोजा तसाच धरून, मी सांगेन त्या मुलीची वाट बघत. मी म्हटलं, सोड, आणि उरलेले मोजे तिच्यापुढे सरकवले.

त्यानंतर वर्षभरानं ती एका मोठ्या स्पर्धेत पहिल्यांदाच पात्रता फेरी न खेळता थेट मुख्य ड्रॉमध्ये खेळली. पहिली फेरी जिंकली. दुसऱ्या फेरीत तिची गाठ एका नामांकित खेळाडूशी पडेल या हिशेबानं मी त्या खेळाडूची सर्व्हिस घोटून ठेवली होती. पण त्या बाईला पात्रता फेरीतून आलेल्या एका मुलीनं घरी पाठवलं. तेही अगदी टोकाच्या कोर्टावर, जिथे कॅमेरा नव्हता. या नव्या मुलीचा व्हिडिओ मिळेना. सर दिवसभर याला विचार, त्याला विचार करत फिरले आणि एवढीच माहिती घेऊन आले की ती उजव्या हातानं खेळते आणि कुणाशी बोलत नाही.

दुपारी सराव होता. सरांनी हात झटकले. मला म्हणाले, "आज कुणी व्हायचं नाही. तुला जसं येतं तसं खेळ."

इतकी वर्षं जे मागायचं धाडस झालं नाही ते असं नाइलाजानं पदरात पडलं. मी बेसलाइनवर जाऊन उभी राहिले आणि मला काही सुचेना. पहिला बॉल मारला तो त्या ताडमाड मुलीसारखा. दुसरा कुणा डावखुरीच्या वळणाचा, उजव्या हातानं. माझ्या हातात मी सोडून सगळ्या होत्या. आईचं ते जुनं बोलणं आठवलं. मला त्या क्षणी मनापासून घरी जावंसं वाटलं.

तेवढ्यात धाकटीनं मला डाव्या कोपऱ्यात पळवलं. विचार करायला वेळच नव्हता. खांदा उडाला, हात मागे गेला आणि एका हाताचा बॅकहँड तिच्या शेजारून रेषेला धरून सरळ निघून गेला. ती जागची हलली नाही. पुन्हा तिनं तिकडेच मारला, पुन्हा तसाच गेला. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा तिनं रॅकेट खाली केली.

"ताई, माझी नक्कल करू नकोस ना," ती म्हणाली. "आज नको."

माझं डोकं सटकलं. मी तरातरा नेटपाशी गेले आणि तिला विचारलं, "बॅकहँड मारायच्या आधी तू खांदा का उडवतेस?"

"माझी लकबच आहे ती. टीव्हीवालेही म्हणतात."

"लकब म्हणे! मी बाबांचा जुना शर्ट घालून खेळायचे. त्याची बाही कोपराखाली लोंबायची. ती वर सरकवायला मी दर वेळी खांदा उडवायचे. तू माझ्या मागे उभी राहून माझ्यासारखा हात फिरवायचीस. तुला शर्ट मापाचा मिळाला, धाकटे. खांदा तेवढा माझा उचललास."

धाकटीनं आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल किंवा चिडेल, आणि उद्याच्या मॅचची माती होईल. मी जीभ चावली. पण ती वळली, बेसलाइनपर्यंत चालत गेली आणि तिथून म्हणाली, "सेट खेळू या. सर्व्हिस तुझी."

आम्ही दोघींनी कधी सेट खेळलाच नव्हता. सरावात कोण गुण मोजतं? त्या दिवशी मोजले, मोठ्यानं, दोघींनी. तिचा चेहरा बदलला. प्रेक्षकांत बसून मी तो चेहरा शंभरदा पाहिला होता, पण बाजूनं. समोरून तो कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. ती मला कुणीतरी समजत होती. मी हातचं राखून खेळले नाही, तीही नाही. ती माझ्याहून तरुण, माझ्याहून दमदार, रोजची खेळणारी. पण तो बॅकहँड पहिल्यांदा ज्या हाताचा होता तो हात माझा होता, आणि तो आता परत आला होता. माझ्या पायांत गोळे आले आणि तरी तीन-तीन झाले.

"पुरे," सर म्हणाले. "उद्या मॅच आहे."

त्यांचं बरोबर होतं. कुणीही शहाणा माणूस तेच म्हणाला असता. मी धाकटीकडे पाहिलं. ती हट्ट करेल, एक गेम म्हणेल, निदान हळहळेल, अशी माझी आशा होती. तिनं श्वास सोडला आणि खांदे खाली आले. तिला हायसं वाटलं होतं. मी ते स्वच्छ पाहिलं, आणि मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतकं दुःख झालं की बॉल गोळा करायच्या निमित्तानं मी तिच्याकडे पाठ केली.

संध्याकाळी खोलीत ती रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत बसली होती. ताटातलं तसंच होतं. मी म्हटलं, जेव. ती हो म्हणाली आणि पट्टी उलगडून पुन्हा गुंडाळायला लागली. मग मान वर न करता तिनं विचारलं, "ताई, उद्या ती तुझ्यासारखी खेळली तर?"

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हेच हवं होतं मला. जगातल्या कुणाही मुलीकडून, आणि मिळालं ते हिच्याकडून. हरशील, हे जिभेच्या टोकावर आलं होतं. ते खरंही असेल कदाचित; तीन-तीनपर्यंत तरी ते खोटं ठरलं नव्हतं. ते एकदा म्हणून बघायचा मला फार मोह झाला. पण तिचं ताट गार होत होतं.

"नाही खेळणार," मी म्हणाले. "तशी खेळणारी तिथे एकच आहे. तूच."

तिनं थोडा विचार केला, पट्टीचं टोक चिकटवलं आणि ताट ओढून घेतलं. तिचं जेवण होईपर्यंत मी समोर बसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती नवी मुलगी साधीसरळ निघाली. सहा-तीन, सहा-दोन, धाकटी जिंकली. पहिल्याच सेटमध्ये धाकटी कोपऱ्यात ओढली गेली, तिचा खांदा उडाला आणि बॉल रेषेवरून सणसणत गेला. सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ बसले होते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय बॅकहँड आहे हो!"

"थँक्यू," मी म्हणाले.

त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि आमच्या मध्ये ठेवलेली आपली पिशवी उचलून पलीकडे ठेवली.