अंग धुण्यास सक्त मनाई

"पाटी लावा ताई, पन आधी आंग धुवाले जागा द्या," असं शेतमजुरीला आलेली गुंताबाई म्हणाली होती.

पुनमच्या हातात तेव्हा सिमेंटचं घमेलं होतं. पाटीचा खांब तिरपा होत होता, हितेंद्र "धरा, धरा" ओरडत होता आणि दोन वर्षांची जानू चपला फेकून थेट ओल्या सिमेंटकडे निघाली होती. "बघू गं पुढच्या मीटिंगला," म्हणत पुनमनं लेकीला दंडाला धरून मागं ओढलं. गुंताबाई हलली नाही. "आम्हना मानसं कपाशीवर दवा मारतस, ती आंगवर पडस. त्या कोठे धुतीन?" पुनमला थोडा रागच आला. एवढं राबून तळं साफ करायचं, आणि या लोकांना ते न्हाणीघर वाटतं.

पुढच्या मीटिंगला तो विषय निघाला नाही. पाटी मात्र पक्की बसली, निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: तळ्यात अंग, कपडे, जनावरं व फवारणीचे पंप धुण्यास सक्त मनाई.

पारोळ्याच्या अलीकडचं हे गाव, आणि गावाची पिण्याची विहीर तळ्याच्या काठाला. जानू तान्ही असताना तिच्या पाठीवर पुरळ उठलं, त्याच आठवड्यात तळ्यात मासे पोट वर करून तरंगले, तेव्हापासून पुनमची झोप उडाली होती. जळगावला बीएस्सी केलेली मुलगी, तिला पाणी नुसतं पाणी दिसेना. तिनं बायका गोळा केल्या. डेअरीवाल्या हितेंद्रनं तरुण मंडळ आणलं. दर रविवारी जलपर्णी ओढायची, प्लास्टिक वेचायचं, सडलेलं निर्माल्य खड्ड्यात पुरायचं. दोन पावसाळे असे गेले आणि तळ्याचा तळ दिसायला लागला.

गावाला ते सगळं आवडलं. पंप धुण्यावरची बंदी मात्र कुणाला आवडली नाही. तळ्याला लागून कपाशी झुलाल नानांची, आणि झुलाल नाना पुनमचे चुलत सासरे. पहिल्यांदा ते स्वतः पंप खळबळायला घाटावर आले, तेव्हा पुनम पदर सावरून आडवी उभी राहिली.

"नाना, इथं नको."

"मग कोठे? तुन्हा चुल्हाम्हा वतू?"

मागच्या बायका फिसकन हसल्या. पुनम हलली नाही. नाना पंप उचलून गेले, पण जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "भाऊनी सून नही आनी, तहसीलदार आना." तेव्हापासून दोन घरांमधली साखर-चहापत्तीची ने-आण बंद झाली. नवरा म्हणे, "तुला गावात राहायचंय ना?" सासू भांडी जरा जोरात ठेवी.

नाना त्यानंतर घाटावर आले नाहीत. फवारणी आमश्याकडं गेली. आमश्या म्हणजे गुंताबाईचा नवरा. शिरपूरच्या पुढून, सातपुड्याच्या पायथ्याकडून दोघं दरसाल यायची, नानांच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत राहायची. बरोबर त्यांची पोरगी होती, जानूच्याच वयाची. नानांच्या बोअरला लाइट रात्रीची. खोलीत पाण्याचा एक ड्रम, तोही पिण्याचा.

भादव्याचं ऊन होतं, कपाशी खांद्याला लागलेली आणि वारा उलटा. दुसऱ्या दिवशी तालुक्याचे साहेब स्वच्छ तळ्याच्या बक्षिसासाठी पाहणीला येणार, म्हणून सगळं मंडळ घाटावर होतं. पुनम जानूला कडेवर घेऊन पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घेत होती. तेवढ्यात आमश्या बांधावरून उतरला. पाठीला पंप. टाकीचं झाकण झिजलेलं असावं, कारण सदरा मानेपासून कमरेपर्यंत ओला होता आणि वास त्याच्या आधी येऊन पोचला.

"ए, पाटी दिसत नाही का?" हितेंद्र ओरडला.

"पंप नही धोत, भाऊ. फक्त आंग."

"अंगच लिहिलंय त्यावर पहिलं!"

"भाऊ, आग व्हस पाठले."

आमश्याच्या कपाळावरून घाम गळत होता, हात कापत होते, ओठांच्या कोपऱ्यात लाळ होती. "दारू ढोशी उना," एक बाई म्हणाली, आणि ते सगळ्यांना पटलं. पुनमलाही पटलं. तिनं जानूचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि मोकळ्या हातानं पंपाचा पट्टा धरून तो पायरीवरून मागं ओढला. "उद्या साहेब येणारेत, दादा. आज नको," ती म्हणाली. आवाजात तिनं गोडवा आणला होता. हितेंद्रला तेवढाही गरजेचा वाटला नाही. त्यानं आमश्याला ढकललं, तसा तो गुडघ्यावर बसला.

गुंताबाई पोरीला घेऊन धावत आली. पाठोपाठ नाना. नानांनी गर्दी पाहिली, मोबाइल वर धरलेले हात पाहिले, आणि क्षणात बाजू बदलली.

"मी याले हजारदाव सांगं, तळावर जाऊ नको म्हनी! कोनं ऐकस? जाय, आजपासून काम बंद. गाडी धर अन् गावले जाय."

"नाना, पाठ तरी धुवू द्या त्याची," गुंताबाई म्हणाली. आता ती अहिराणी सोडून मराठीत बोलत होती, म्हणजे ते सगळ्यांसाठी होतं.

कुणी बाजूला सरलं नाही. आमश्या उठला. पोरगी रडत होती म्हणून त्यानं तिला घेतलं, आणि तिनं सवयीनं बापाच्या ओल्या खांद्यावर गाल टेकला. फाट्याकडं जाताना गुंताबाई पुनमसमोर थांबली.

"तुन्हं तळं चोखं शे, ताई," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी जानूला आंघोळ घालायला बसली, तेव्हा पुनमच्या तळहाताला वास येत होता. पट्टा धरलेला तोच हात. तिनं साबण लावला, मग राख लावली, मग पुन्हा साबण. तळव्याला मुंग्या येत होत्या. लेकीला हात लावायचं धाडस होईना. सासूला हाक मारून म्हणाली, "तुम्ही घाला हिला अंघोळ." आणि तशीच बादलीकडं बघत बसली. घाम, लाळ, कापणारे हात. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं, पेपरात उत्तर लिहिलं होतं, मार्क घेतले होते. घाटावर मात्र तिला दारूच दिसली होती.

ओल्या पदरानं ती नानांच्या दारात गेली.

"नाना, आमश्याचं गाव कोणतं?"

"मजूरनं गाव कोन इचारस? उंबरपाडा का आंबापाडा, काहीतरी शे."

"त्याला विषबाधा झालीय."

नाना खाटेवरून उठले. "तू धुवू दिधं नही अन् आते मन्हावर घालस का? पाटी कोनी? तुन्ही!"

ती तशीच उलटी फिरली. हितेंद्रकडं गेली, तर तो दुधाच्या कॅनवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, उद्या पाहणी आहे. केसबिस झाली तर तळ्याचं नाव खराब होईल. प्यायलेलाच होता तो." मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिनं लिहिलं: आमश्याचा नंबर कुणाकडं आहे? कुणाचं उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं ग्रुपच दिसेना, तिला काढलं होतं. नंबर शेवटी किराणा दुकानात मिळाला. लावला, तर फोन बंद.

सकाळी गावात साहेबांसाठी हार आणला जात होता, तेव्हा पुनम जानूला घेऊन धुळ्याच्या गाडीत बसली. नवऱ्यानं दारात अडवलं नाही, पण भाड्याचे पैसेही दिले नाहीत. धुळ्याच्या स्टँडवर एका चहावाल्याला ती तिघं आठवत होती. माणूस खांबाला टेकून उलट्या करत होता, बाई त्याला पाणी पाजत होती, लोक दारुडा म्हणून लांबून जात होते. मग शिरपूरची गाडी लागली. बाईनं त्याला ओढतच वर चढवलं. पुनमनं मोठ्या दवाखान्यात विचारलं. त्या नावाचं कुणी आलेलं नव्हतं.

तळ्याला बक्षीस मिळालं. पुनमनं घराच्या फाटकाबाहेर पाण्याचा ड्रम ठेवला, वर साबणाची वडी. दोनदा कुणीतरी तो उलटा केला. ती पुन्हा भरते. फवारणीहून येणारी माणसं आधी इकडंतिकडं बघतात, मग धुतात. पाणी ती तळ्यापासून लांब, खड्ड्यात मुरवते. सासूनं एकदा नवी वडी आणून ठेवली. बाकी गल्ली अजून तिच्याशी बोलत नाही.

फोन रोज बंद लागतो. म्हणून भेटेल त्याला ती सांगते, तसंच तुम्हालाही सांगते: शिरपूरच्या पुढं जाणार असाल, तर उंबरपाडा विचारा, नाहीच सापडला तर आंबापाडा विचारा. आमश्या आणि गुंताबाईचं घर विचारा. तो उठून बसतो का, जेवतो का, बघा. तो सदरा अजून घरात असेल तर लांब नेऊन पुरायला सांगा. आणि त्याच्याही आधी पोरगी बघा, दोन वर्षांची आहे. फाट्यापर्यंत ती त्याच्या ओल्या खांद्यावरच झोपली होती.