ढगोबाचा बाप

पेन ड्राइव्हमध्ये एकूण आठ फाइली होत्या. पहिल्या तीन जुन्या ढगोबाच्या, पुढच्या दोन नव्या ढगोबाच्या, त्यानंतरच्या दोन त्याहून नव्या ढगोबाच्या आणि आठवी कल्याणच्या लग्नाची. सातही सिनेमे इंग्रजीत होते आणि घरात इंग्रजी कळणारा एकटा आदिनाथ होता.

ढगोबा हे नाव कल्याणनं ठेवलेलं. राखाडी झगा घातलेला, तोंड झाकलेला तो माणूस ढगात शिरायचा आणि दुसऱ्या गावावर उतरून चोरांना बदडायचा. त्याचं खरं नाव काय, याची कल्याणनं कधी फिकीर केली नाही. जाफराबाद-जालना रस्त्यावर जीप चालवून संध्याकाळी घरी आला की तो पोरीला मांडीवर घ्यायचा, टीव्हीचा आवाज शून्यावर आणायचा आणि सगळ्यांची बोलणी स्वतः बोलायचा. खलनायक एसटीच्या कंट्रोलरसारखा खेकसायचा. नायिका नंदाबाईसारखी, म्हणजे कल्याणच्या आईसारखी, कमरेवर हात ठेवून भांडायची. ढगोबा विचारायचा, "जाफराबादवर कव्हा यायचं, अर्पिता? तुमच्याकडं ढगच न्हाईत." अर्पिता हसून लोळायची.

चार महिन्यांपूर्वी कल्याणची जीप उभ्या ट्रकवर आदळली. तेव्हापासून टीव्ही बंद होता.

आदिनाथ कल्याणचा भाऊ, त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. पदार्थविज्ञानात पदवी घेऊन तो जालन्यात एका सळईच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागला होता. सळईचा तुकडा यंत्रात धरायचा, तुटेपर्यंत ताणायचा आणि आकडा नोंदवायचा, हे त्याचं काम. त्या शनिवारी तो घरी आला तेव्हा अण्णा, म्हणजे त्याचे वडील बद्रीनाथ, ओट्यावर त्याचीच वाट पाहत बसले होते.

"सोमवारी टेंभुर्णीचे व्याही येऊन राह्यलेत, दैवशालाला न्यायला," अण्णा म्हणाले. "तू पाटाला हो म्हण. दिराशी पाट लागला तर ती हितंच राह्यल. न्हाई तर ती जाईल माहेरी, अन् पोरगी राह्यल आपल्याकडं. कल्याणचं रक्त हाय ते, मी कोणाला देत नस्तो."

"अण्णा, मी त्यांना वहिनी म्हणतो."

"मंग आजपासून म्हणू नको."

आतून नंदाबाईंनी भांडं जरा जोरात ठेवलं.

कल्याणची बायको दैवशाला परसात कपडे वाळत घालत होती. अर्पिताचा फ्रॉक झटकून तिनं दोरीवर टाकला आणि आदिनाथकडे न बघताच म्हणाली, "भावजी, मला पुन्हा बोहल्यावर चढायची हौस न्हाई. पण पोरीला सोडून मी जगायची बी न्हाई."

"मग हो म्हणा. बाकी मी काही मागणार नाही."

"म्हणते. आधी तिला इचारा. तोंडानं नगं, तोंडानं ती सगळ्यांना हो म्हणती. उद्या तिच्यासंग तो पिक्चर बघा. आवाज शून्यावर ठिवून तिनं तुम्हाला बोलू दिलं, तर पाट लावा. तिनं आवाज वाढिवला, तर मी सोमवारी गाडीत बसते."

"वहिनी, आठ वर्षांच्या पोरीवर एवढं टाकायचं?"

"तिच्यावर नका टाकू, तिला सांगूच नका. पण तिला नको असलेला माणूस तिच्या बापाच्या जागी बसवून मी हितं राह्यले, तर मी तिची आई कशाची?"

आदिनाथनं ही गोष्ट प्रयोगासारखी मनावर घेतली. संध्याकाळी पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्यानं सिनेमे पुढं ढकलत पाहिले. जुना ढगोबा उडताना त्याच्या पाठीची तार दिसायची, पण तो हसायचा. दुसऱ्याची तार दिसत नव्हती. तो पहिल्यासारखं हसायला जायचा आणि ते हसू खोटं वाटायचं. तिसरा हसतच नव्हता. त्याच्या शहरात सतत पाऊस होता आणि माणसं अंधारात बोलत होती. तरी तिसराच त्याला बरा वाटला, कारण त्यानं कोणाची नक्कल केली नव्हती. तिन्ही वेळा गोष्ट मात्र पहिल्यापासून सुरू व्हायची. प्रयोगशाळेला आग लागायची, बाप मरायचा आणि मग पोरगा झगा चढवायचा. बाप मेल्याशिवाय कोणताच ढगोबा उडत नव्हता.

आदिनाथनं ठरवलं, कल्याणची नक्कल करायची नाही. कल्याणनं पोरीला दाखवलेले पहिले तीन सिनेमे सोडून द्यायचे आणि अर्पितानं न पाहिलेला सहावा लावायचा. जे पडद्यावर बोलतात तेच नीट, सोप्या भाषेत सांगायचं.

रविवारी दुपारी अर्पिता टीव्हीसमोर बसली, पण मांडीवर नाही, हातभर अंतर ठेवून. आदिनाथनं सिनेमा लावला आणि रिमोट दोघांच्या मधे ठेवला. इंग्रजी गाणं सुरू झालं. अर्पितानं रिमोट उचलला आणि बटण दाबून धरलं. पडद्याखालची पट्टी सरकत सरकत शून्यावर आली.

स्वयंपाकघराच्या दारात दैवशाला पिठाच्या हातांनी उभी होती.

"बोला ना काका," अर्पिता म्हणाली.

आदिनाथ बोलू लागला. आधी चाचरला, मग जमलं. ढगोबाच्या मित्राला त्यानं नाकात बोलायला लावलं. अर्पिता गालात हसली. "ह्यो वाणी हाय का?" तिनं विचारलं. "वाणी नाही, शास्त्रज्ञ आहे," आदिनाथ म्हणाला. ती थोडी सरकून जवळ आली. हातभर अंतर वीतभर झालं.

मग प्रयोगशाळेला आग लागली. बापाला स्ट्रेचरवर घातलं. पोरगा दवाखान्याच्या दारात उभा राहिला आणि डॉक्टर बाहेर आला.

"डॉक्टर म्हणतोय, आम्ही खूप प्रयत्न केले. तुझे वडील गेले."

"कुठं गेले?"

"वारले, बाळा."

अर्पितानं त्याच्याकडं पाहिलं. "न्हाई वारत. पप्पाच्या पिक्चरमधी ते दवाखान्यात झोपतेत. मंग दुसऱ्या भागात येतेत की. टकले होऊन."

"टकले?"

"औषधानं केस गेले त्यांचे. ते ढगोबाला भाकरी करून देतेत."

दुसऱ्या भागात टक्कल असलेला एक म्हातारा होता खरा. आदिनाथनं आदल्या दिवशीच पाहिला होता. "तो त्याच्या घरचा नोकर आहे," तो म्हणाला. चुकीची नोंद दिसली की दुरुस्त करायची, या सवयीनं म्हणाला.

अर्पिता पुन्हा पडद्याकडं वळली. पडद्यावर काळे कपडे घातलेली माणसं एक लांब पेटी खांद्यावरून नेत होती.

"हे कपाट हाय," ती हळूच म्हणाली. "पप्पा म्हणले, बापाच्या औषधासाठी इकून टाकलं."

दारातून दैवशालाचा आवाज आला, "भावजी."

एवढ्या हाकेत आदिनाथला सगळं कळलं. कल्याणला इंग्रजी येत नव्हतं, पण पेटी कशाची ते डोळ्यांना दिसत होतंच. त्यानं पोरीसाठी तीन सिनेमेभर एक बाप जिवंत ठेवला होता.

"हां," आदिनाथ घाईनं म्हणाला, "कपाटच आहे ते. माझंच चुकलं. बघ, आता ते विकायला..."

"तुम्हाला इंग्रजी येतं," अर्पिता म्हणाली.

"येतं, पण..."

"मंग तुमचं बराबर असंल."

ती उठून मागं भिंतीशी जाऊन बसली. रिमोट तिच्या हातातच होता. पडद्यावर पोरगा पेटीवर माती टाकत होता.

"अर्पिता, ऐक. तो पोरगा म्हणतोय, बापू, औषध घेऊन लवकर..." आदिनाथ बोलत राहिला.

तिनं बटण दाबलं. इंग्रजी प्रार्थना खोलीत कुजबुजली. त्यानं स्वतःचा आवाज चढवला. तिनं पुन्हा दाबलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पेटीकडं बघत होती. आदिनाथचे ओठ हलत होते, पण तो काय बोलतोय ते त्याचं त्यालाही ऐकू येईना. कपाटावरची काच थरथरली. अण्णा ओट्यावरून ओरडले, "अरे, काय लावलंय हे!"

दैवशालानं पिठाचे हात पदराला पुसले. ती आत गेली आणि फळीवरची बॅग काढून तिनं खाली ठेवली.

पडद्याखालच्या पट्टीवर आकडा चौसष्टवर थांबला.