चार तास लागतील

मी एक जुनी पेटी आहे. जुनी म्हणा, ओरखडलेली म्हणा, संथ म्हणा; तिन्ही खरे आहे आणि तिन्हींची मला लाज नाही. माझ्या झाकणावर डिंकाचा एक चौकोनी डाग आहे. तो कसा पडला ते आज सांगणार आहे, मित्रांनो, आणि मध्येच कोणी "आटप लवकर" म्हटले तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करीन.

माझा जन्म प्लास्टिक कापणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. प्रयोगशाळेच्या थोरल्या सरांनी माझे माप कागदावर काढून दिले होते. ते पाहून कारागीर म्हणाला, "सर, एवढी लांब पेटी? यात काय मासे पाळायचेत?"

"मासे नाही, डीएनएचे तुकडे पळवायचेत," सर म्हणाले. "वाट लांब असली की कोण पुढे, कोण मागे, ते स्वच्छ दिसतं."

कारागिराने पारदर्शक जाड प्लास्टिकचे तुकडे चिकटवले, दोन टोकांना केसाएवढ्या बारीक तारा ताणल्या, एका टोकाला काळी आणि दुसऱ्याला लाल खुंटी बसवली. एवढाच माझा संसार.

काम सांगते. समुद्री शेवाळापासून काढलेली पावडर द्रावणात उकळून थंड केली की तिचा थलथलीत थर जमतो. त्याला जेल म्हणतात. ते पातळ असतानाच त्यात एक कंगवा उभा ठेवतात. जमल्यावर तो काढला की एका कडेला ओळीने खाचा उरतात. मग जेल माझ्या पोटात ठेवायचे, वर खारे द्रावण ओतायचे आणि एकेका खाचेत डीएनएचा थेंब सोडायचा. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून वीज सुरू झाली की तो काळ्या, ऋण टोकाकडून लाल, धन टोकाकडे निघतो. पण जेल आतून जाळीसारखे असते. भर बाजारातून लहान पोर सटकते आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला बाप मागे राहतो, तसेच होते. आखूड तुकडे पुढे जातात, लांब तुकडे अडखळत मागे राहतात. एका लांबीचे सगळे तुकडे एकाच जागी पोचतात आणि विशिष्ट दिव्याखाली त्यांचा पट्टा चमकतो.

माझ्यात थेंब सोडायची ती थेंबताई. हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवले, कारण तिच्या हातून कधी थेंब सांडला नाही, कमीजास्त झाला नाही. श्वास रोखून ती एक खाच भरायची, श्वास सोडायची, मग दुसरी. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

विद्यार्थ्यांचे मात्र विचारू नका. एका शहाण्याने लाल वायर काळ्या खुंटीला आणि काळी लाल खुंटीला लावली. त्याचा सगळा डीएनए उलटा फिरून जेलच्या बाहेर द्रावणात गेला, आणि हा म्हणे पेटीच बिघडली आहे. नाचता येईना, अंगण वाकडे. ताईने त्याच्यासमोर वायरी बदलल्या आणि म्हणाली, "आता पेटीची माफी माग." त्याने मागितली. मी अजून दिलेली नाही.

मग थोरले सर निवृत्त झाले, नवे सर आले आणि त्यांच्याबरोबर एक छोटी, गुटगुटीत पेटी आली. तिच्यात वीस मिनिटांत काम व्हायचे. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. मला बेसिनखाली ढकलले. माझ्या पोटात फाटके हातमोजे, फुटक्या बाटल्यांची बुचे आणि कोणाची तरी एक चप्पल ठेवली. एके दिवशी नव्या सरांनी माझ्या झाकणावर डिंकाने चिठ्ठी चिकटवली: 'भंगार'. मला राग आला, मित्रांनो. दुःख वगैरे नंतर. आधी रागच आला.

त्याच आठवड्यात दाणेकाका आले. हे प्राणिसंग्रहालयात पक्ष्यांना दाणापाणी करतात. त्यांच्याकडे राखी पोपटांची एक जोडी होती. बारा वर्षे एका पिंजऱ्यात राहून त्यांनी एकही अंडे घातले नव्हते. या जातीत नर कोण आणि मादी कोण हे रूपावरून कळत नाही, म्हणून वरिष्ठांनी दोघांची पिसे तपासायला पाठवली होती. पिसाच्या मुळाशी डीएनए असतो. त्यातला एक ठरावीक तुकडा निवडून वाढवला की नराकडे तो एकाच लांबीचा निघतो आणि मादीकडे दोन लांबींचा. म्हणजे नराचा एक पट्टा, मादीचे दोन.

छोट्या पेटीने वीस मिनिटांत सांगितले: दोघांचाही एकेकच पट्टा. दोघेही नर. निकाल फोनवर कळताच वरिष्ठांनी ठरवले की एकाला सोमवारी दुसऱ्या संग्रहालयात पाठवायचे. काका शुक्रवारी सकाळी अहवाल न्यायला आले ते तसेच उभे राहिले.

"सर, त्यातली एक मादी आहे," ते म्हणाले. "बारा वर्षं बघतोय मी."

"कशावरून?"

"आधी तो खातो, पण ती सांगते तेव्हाच. आणि भांडण झालं की चूक त्याचीच निघते."

"काका, पोपटांच्या भांडणावर अहवाल लिहिता येत नाही," सर हसून म्हणाले.

काका हसले नाहीत. "एकमेकांशिवाय ते दाणा टिपत नाहीत, सर. मागे एकाला चार दिवस दवाखान्यात ठेवलं, तर दुसऱ्यानं छातीची पिसं उपटून काढली. सोमवारनंतर काय करतील?"

सरांनी अहवाल ताईपुढे सरकवला. छोट्या पेटीतले थेंबही तिनेच भरले होते, म्हणून तिची सही हवी होती. ताईने जेलचा फोटो उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ पाहिला.

"हा दुसरा पट्टा जरा जाड आहे."

"थेंब जास्त पडला असेल तुमच्याकडून."

विद्यार्थ्यांनी माना वर केल्या. बेसिनखाली मीसुद्धा ताठ झाले.

"थेंब माझा आहे, सर," ताई म्हणाली. "तो जास्त पडत नाही. हे दोन पट्टे असतील, एकाला एक चिकटून. दोन्ही तुकड्यांच्या लांबीत फार थोडा फरक असेल, तर एवढ्याशा वाटेत ते वेगळे कसे दिसतील? आणि ओळखीच्या मादीचा नमुना आपण शेजारी घेतलाच नाही. तुम्ही म्हणालात, खाचा कमी आहेत. मी सही करत नाही."

"मग काय करणार आहात?"

ताई वाकली आणि तिने मला बाहेर ओढले. चप्पल काढून बाजूला ठेवली. चिठ्ठी नखाने सोलून काढली.

"चार तास लागतील," ती म्हणाली.

तिने मला धुतले, काळ्या टोकाची सुटलेली तार बसवली, नेहमीपेक्षा घट्ट जेल ओतले. फ्रीजरमध्ये याच जातीच्या, अंडी घातलेल्या एका मादीचा जुना नमुना होता. तो पहिल्या खाचेत. मग काकांचे दोन पोपट. वीज तिने मुद्दाम कमी ठेवली. घाईने वीज वाढवली की जेल तापते आणि पट्टे फिसकटतात.

मग मी चालायला लागले. थेंबात मिसळलेला निळा रंग सर्वांच्या पुढे रांगत होता. तासाभराने सर डोकावले. "झालं?" "नाही." पुन्हा डोकावले. "अजून?" "अजून." काका स्टुलावर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत. माझी एक तार नुकतीच बसवलेली, अंगावर शंभर ओरखडे. पण मनात म्हटले, तुकडे सरळच नेणार. आज वाकडे गेले तर माझी भंगाराची चिठ्ठी खरी ठरेल आणि एक पोपट खोक्यात जाईल.

चार तासांनी ताईने जेल दिव्याखाली धरले. ओळखीच्या मादीचे दोन पट्टे. पहिल्या पोपटाचा एक. दुसऱ्याचे दोन, बारीक, आणि मध्ये काळोखाची एक स्वच्छ रेघ.

काकांना त्यातले काही कळत नव्हते. ते ताईच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मादीच आहे, काका," ताई म्हणाली. काकांनी टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी पुन्हा घालायची विसरले.

सरांनी फोटो तीनदा पाहिला. मग जुना अहवाल स्वतःच्या हाताने फाडला आणि संग्रहालयाला फोन लावून सोमवारची पाठवणी थांबवली. माणूस मनाने वाईट नाही, फक्त घाईत असतो. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "ताई, ही चांगली पेटी भंगारात कोणी काढली होती?"

"तुम्ही," ताई म्हणाली.

मी आता खिडकीजवळच्या टेबलावर असते. छोटीही शेजारी आहे. मोठ्या फरकाचे काम तिने खुशाल करावे, माझी ना नाही. पोपटांनी अंडी घातली का? नाही. भांडतात मात्र रोज, एकाच दांडीवर बसून. काका म्हणतात, घाई काय आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा वेळी हात जोडतात आणि आम्हाला जपा म्हणून विनवतात. मी विनवणार नाही, हक्काने सांगते. काम झाले की मला धुवा. तार तुटली तर बसवा. लाल ते लाल, काळे ते काळे. आणि ज्या निकालाने कोणाचे घर मोडणार असेल, तो माझ्याकडे आणा आणि चार तास बसा.

तो डिंकाचा डाग ताई अधूनमधून घासते. तो जात नाही. मीच सोडत नाही.