अठ्ठावीस सेकंदांचे छगनराव

अरफाचा पीएच.डी.चा विषय होता पाण्याच्या बातम्या आणि गावाचं बोलणं. त्यासाठी ती नगरहून पारनेर तालुक्यातल्या एका गावात येऊन मुलाखती घेत होती. एकविसावी मुलाखत झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की गाव एकच मुलाखत एकवीस वेळा देतंय. आधी टँकर, मग श्रमदान, आता बारमाही पाणी. काही जण तर प्रश्न संपायच्या आत उत्तर देऊन मोकळे होत.

यात गावाचा दोष नव्हता. पाणलोटाच्या स्पर्धेला परीक्षक येणार म्हणून सरपंच काकासाहेबांनी घरोघर उत्तरं पाठ करून घेतली होती. बक्षीस मिळालं, उत्तरं तोंडात राहिली. आता पाहुणा कुणीही असो, गाव परीक्षेला बसायचं. एका म्हातारबाबांनी जाता जाता विचारलंही, "किती मार्क पडले?"

प्रबंधाचं प्रकरण मात्र तिथंच अडलं. अख्खं गाव एका आवाजात बोलत असेल तर त्याच्या संवादावर लिहायचं काय?

बाविसावी मुलाखत गोजरबाईंची. त्यांची सून आरती म्हणाली, "मळणी मशीनवर कान गेले त्यांचे, बारा वर्सं झाली. वरडू नका. तोंडाम्होरं बसा, सावकाश बोला. वठावरून समदं कळतं त्यांना."

गोजरबाईंनीही टँकरपासून सुरुवात केली आणि श्रमदानापाशी येऊन थांबल्या.

"फुडचं पाठ आमच्या मालकांकडं हुतं. ते गेले दोन वर्सांमागं." मग अरफाच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या, "टीव्हीवाले त्यांचं बोलनं घेऊन गेल्ते. ते कुठं ठेवत्यात गं पोरी? तू त्यांच्यातलीच ना?"

अरफा त्यांच्यातली नव्हती, पण बोलणं तिच्याकडं होतं. या गावावरच्या चौदा बातम्या तिनं जमवल्या होत्या. त्यातल्या एकीत गोजरबाईंचे मालक, छगनराव, बांधावर उभे होते, अठ्ठावीस सेकंद. तिच्या तक्त्यात त्यांची नोंद होती: पुरुष, शेतकरी.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. काकासाहेब खुर्ची टाकून बसलेच होते; त्यांच्याशिवाय गावात मुलाखत होत नसे. बातमी लावली आणि अरफानं ती पहिल्यांदाच नीट ऐकली. छगनराव मन लावून बोलत होते, पण आवाज निवेदिकेचा होता. गावानं निसर्गाशी कशी मैत्री केली, ते ती त्यांच्या तोंडावरून सांगत होती.

अरफा गोजरबाईंसमोर आली. "आजी, माफ करा. यात आजोबांचा आवाज नाही. दुसऱ्याच बाईचा आहे."

"आसंना. तिचं मला कुठं ऐकू येतंय? सरक जरा."

त्यांनी बातमी दोनदा पाहिली. छगनराव पत्रकाराकडं बघत नव्हते, बाजूला बघत होते.

"मी तितं हुते, मातीची पाटी घेऊन," गोजरबाई म्हणाल्या. "मला कळावं म्हनून सावकाश बोलत्यात. परत लाव."

तिसऱ्यांदा त्या छगनरावांच्या ओठांबरोबर मोठ्यानं बोलत गेल्या. "बांधानं आमची हीर भरली, खरं हाय. पर खालच्या वस्तीची आटली. माजी भन तितं दिलीय, ती आता हंडा घेऊन आमच्या हिरीवर येती. दोनीबी लिवा. एक लिवू नका."

निवेदिकेची निसर्गाशी मैत्री चालूच होती. अरफानं आवाज बंद केला.

काकासाहेबांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "त्याला म्या हेच बोलू नको म्हनलं हुतं," ते म्हणाले. "मला वाटलं, ऐकलं त्यानं."

"मी हे लिहू का, सरपंच?"

"लिवा." मग पडद्याकडं बोट करून, "नाव घाला त्याचं. नुसता शेतकरी म्हनून नको."

"आणि खालच्या वस्तीवर मुलाखती घेतल्या तर?"

"घ्या की. तितं कुनाला काय पाठ न्हाई. तिकडं परीक्षकच नेले न्हवते आमी."

गोजरबाईंना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांची नजर पडद्यावर होती. अरफानं समोर बसून सावकाश सगळं सांगितलं. त्या लगेच उठल्या, पायात चपला सरकवल्या.

"ही मशीन बी घे. वन्संला दावू, त्यांचा दादा काय बोललाय ते. पर त्यांना नुसते कान हायेत, वठ वाचता येत न्हाईत. मी येते संगं."